करमरकरसाहेबांकडचा चहा

फाटकातून आत गेल्या गेल्या आबा उजवीकडे वळले. समोर तीन पायऱ्या होत्या, वर दार होतं, दाराशेजारी 'ब्रिगेडियर व्ही. एन. करमरकर, निवृत्त' अशी पितळी पाटी होती. आबा मात्र खांद्यावरची पिशवी सावरत बंगल्याच्या कडेकडेनं मागच्या अंगाला निघाले होते.

"आबा, दार इकडं आहे."

ते थबकले. पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हटलं पुढं कुत्रं असंल."

"मागं नसतं होय कुत्रं?"

"तू लई बोलतीस," म्हणाले आणि माघारी येऊन पायऱ्या चढले. पायपुसण्यावर इतका वेळ पाय पुसत राहिले की शेवटी बेल मीच दाबली.

खटाव तालुक्यातल्या आमच्या गावाहून पहाटेची एसटी धरून आम्ही पुण्याला आलो होतो ते सल्ला घ्यायला. मी कराडला इंजिनिअर झाले होते आणि मला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं होतं. एक संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेतून. तिथं पहिल्या दिवसापासून मला हवं तेच काम होतं, कडाक्याच्या थंडीत चालणाऱ्या बॅटऱ्यांचं. दुसरं फौजेच्या टेक्निकल शाखेतून. आधी ट्रेनिंग, मग खांद्यावर दोन तारे, मग युनिटात काही वर्षं, आणि त्यानंतर योग असला तर वर्दीतच त्या प्रयोगशाळेत नेमणूक. संशोधन दोन्हीकडे होतं. एकीकडे ते उंबऱ्यातच होतं, दुसरीकडे डोंगराला वळसा घालून.

मला प्रयोगशाळा हवी होती. आबांना आपल्या लेकीला ऑफिसर झालेलं बघायचं होतं. हे दोघांनाही माहीत होतं, पण एकमेकांशी सरळ कुणी बोललं नव्हतं. कळवायची मुदत सोमवारी संपत होती. मग आबाच म्हणाले, "करमरकरसाहेबांना विचारू. साहेब फौजेतनंच संशोधनात गेलेत. दोन्हीकडचं पाणी प्यालेला माणूस हाय. ते सांगतील ते करू."

"इतक्या वर्षांनी ओळखतील का तुम्हाला?"

"वळखतील की," आबा म्हणाले आणि कपाटातला इस्त्रीचा सदरा पुन्हा इस्त्रीला घेऊन बसले.

दार साहेबांच्या मिसेसनी उघडलं. साठीच्या असतील. हाताला माती, पदर खोचलेला. दोन क्षण नुसत्या बघत राहिल्या.

"महिपती? अरे, किती वाळलास. आणि ही ज्योत्स्ना ना? ये गं, ये."

"जय हिंद, मेमसाब," आबा म्हणाले.

"जय हिंद काय दारात उभा राहून? आत ये आधी. अहो, महिपती आलाय."

साहेब हातातलं वर्तमानपत्र तसंच घेऊन बाहेर आले. उंच, पाठीत जरासे वाकलेले, स्वेटरच्या कोपराला ठिगळ. आबांच्या टाचा एकमेकींना लागल्याचा आवाज मी ऐकला. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मला बरं वाटलं. आबांना इतक्या मोठ्या घरात इतक्या मायेनं वागवतात हे मी आजवर बघितलं नव्हतं.

"बस महिपती."

"बसतो, साहेब."

मी सोफ्यावर बसले. आबा बसले नाहीत. पिशवी उघडून म्हणाले, "मेमसाब, वाघ्या घेवडा आणलाय. आपल्या रानातला. आन् थोडं आलं. मी ठेवतो आत."

या घरात ते पहिल्यांदाच येत होते. तरी स्वयंपाकघर कुठं हे त्यांनी विचारलं नाही, थेट आत गेले. मेमसाब हसत त्यांच्या मागोमाग गेल्या. आतून त्यांचा आवाज आला, "महिपती, आलंही आणलंयस तर चहा तूच टाक बाबा. तीस वर्षं झाली, हे अजून माझ्या चहाला नावं ठेवतात."

"टाकतो की, मेमसाब."

जुनी ओळख, घरोबा, असं मी मनात म्हटलं. आमच्या घरी आबांनी चहा टाकलेला मला आठवत नव्हता. आई म्हणायची, ह्यांना चूल कुठल्या तोंडानं पेटते ते ठाऊक नाही.

साहेब समोरच्या खुर्चीत बसले. वर्तमानपत्राची घडी केली, चष्मा काढला.

"हं. महिपती फोनवर म्हणाला, पोरगी पेचात आहे. एक सांगून ठेवतो. प्रयोगशाळेत गेलीस तर तुला स्थळं कमी येतील. फौजेत गेलीस तर आलेली पळून जातील. तेव्हा तो मुद्दा आपण चर्चेतून काढून टाकू."

मी हसले. अंगातला ताण थोडा उतरला.

"आता सांग. काम कशावर करायचंय?"

"बॅटऱ्यांवर, सर. उणे तीसच्या खाली त्या जीव टाकतात. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये मी त्यांना ऊब द्यायचं आवरण केलं होतं. बॅटरीचीच थोडी वीज वापरून बॅटरी गरम ठेवायची."

"म्हणजे स्वतःचं रक्त आटवून स्वतःला शेकायचं. किती वेळ टिकली?"

"फार नाही, सर. अजून जमलेलं नाही."

"जमलं म्हणाली असतीस तर मी तुला चहा पाजून वाटेला लावलं असतं." त्यांना माझं उत्तर आवडलेलं दिसलं. "पण बॅटरीच का? कराडच्या मुलीला उणे तीसशी काय देणंघेणं? तिथं स्वेटर घातला तरी लोक आजारी आहेस का विचारतात."

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. फौजेच्या मुलाखतीत मी तेच दिलं होतं, प्रयोगशाळेच्या मुलाखतीतही तेच. दोन्हीकडे समोरची माणसं ते ऐकून खुर्चीत जराशी पुढं झुकली होती. मी सावरून बसले.

"आबांमुळं, सर. ते वायरलेसवर होते ना. बर्फातल्या चौकीवर रात्री बॅटरी गोठायची आणि सकाळी सेट मुका व्हायचा. म्हणून आबा रात्रभर बॅटरी फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळून पोटाशी घेऊन झोपायचे. कोटाच्या आत, अगदी कातड्याला लावून. सकाळी सगळ्या डोंगरावर पहिला आवाज आबांच्या सेटचा निघायचा. मी दुसरीत असताना सव्वीस जानेवारीला त्यांनी ही गोष्ट आमच्या शाळेत सांगितली होती. तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे. माणसाला पोटाशी घेऊन झोपावं लागू नये अशी बॅटरी करायची."

ही गोष्ट आबा आता माझ्या लेकीलाही सांगतात. ती विचारते, "आजोबा, बॅटरीला गुदगुल्या नाही व्हायच्या?" आबा म्हणतात, "व्हायच्या की. म्हणून तर सकाळी खुदकन बोलायची." मग ती उशी पोटाशी धरून झोपते आणि सकाळी उशीला कान लावून बघते.

हातातला चष्मा साहेबांनी उगाच उघडला, मिटला. स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा बघितलं. आतून किसणीवर आलं किसल्याचा आवाज येत होता, तो थांबला होता.

"हो," साहेब हळूच म्हणाले. "बॅटऱ्या तिथं फार छळायच्या. बरोबर आहे. त्या थंडीत..."

"कसल्या बॅटऱ्या?" मेमसाब चिवड्याची बशी घेऊन बाहेर येत होत्या.

"काही नाही. तिच्या प्रोजेक्टचं बोलतोय."

"नाही, मी ऐकलं ना, पोटाशी घेऊन झोपायचा म्हणून." त्यांनी बशी माझ्यासमोर ठेवली, माझ्याशेजारी बसल्या आणि माझा हात हातात घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं कौतुक होतं की मला त्या क्षणी त्या फार आवडल्या. "अगं, बॅटरी नाही, बूट. यांचे बूट. तिथं रात्रीत बुटांचा दगड व्हायचा, सकाळी पाय आत जायचे नाहीत. महिपती ते आपल्या पोटाशी घेऊन झोपायचा. दोन हिवाळे. यांच्याबरोबरच्या दोघांची बोटं गेली, यांचं एक नखसुद्धा गेलं नाही. आमच्या मुलांना मी ही गोष्ट सांगून वाढवलंय. महिपतीसारखा सहायक यांना पुन्हा कधी मिळाला नाही."

"नलू," साहेब म्हणाले.

"काय झालं? खरं तेच सांगतेय मी."

"चहा झाला का बघ."

पण बघायला जावं लागलं नाही. आबा दारात उभे होते. हातात ट्रे होता. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक, पण कपांतून वाफ थोडीच येत होती.

सहायक म्हणजे काय हे आमच्या गावात सांगावं लागत नाही. घराआड एक फौजी. साहेबाचे बूट, साहेबाची वर्दी, साहेबाचा चहा, साहेबाच्या पोरांची शाळेची रिक्षा चुकली तर त्यांना सोडणं. गावात त्याला आणखी एक नाव आहे आणि लोक ते घेताना हसतात. चावडीवर कुणाचं कुणाशी वाजलं की ते नाव निघतं. आबांच्या बाबतीत ते कधीच निघालं नव्हतं. महिपती शेडगे वायरलेसवाले.

आबा पुढे आले. आधी साहेबांकडे, मग मेमसाबांकडे. साहेबांच्या कपात साखर नव्हती, मेमसाबांच्या कपावर साय होती, हे कुणी काही न विचारता. मग ट्रे माझ्यासमोर आला. डावा हात त्यांनी पाठीमागे धरला होता आणि कमरेत ते थोडेसे वाकले होते. इतक्या जवळून मला त्यांच्या सदऱ्याच्या इस्त्रीचा वास आला. ते माझ्याकडे बघत नव्हते. कपाकडे बघत होते.

निवडीच्या मुलाखतीसाठी साताऱ्याच्या एका सरांनी आमच्याकडून महिनाभर तयारी करून घेतली होती. कसं बसायचं, कसं खायचं, वाढणाऱ्यानं पुढं केलेलं कसं घ्यायचं. माझा हात आपोआप पुढे गेला. मी कप उचलला.

"थँक्यू," मी म्हणाले.

जीभ चावावी असं वाटलं, पण शब्द बाहेर पडून गेला होता. आबांनी मान किंचित लववली, जशी लववायची सवय असते तशी, आणि रिकामा ट्रे घेऊन आत गेले. त्या ट्रेवर चौथा कप नव्हताच.

मेमसाबांना काहीतरी बिनसलंय एवढं कळलं. त्या "बघते हं, बिस्किटं आणते" म्हणत उठून गेल्या.

साहेबांनी चहाचा एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"तुझे वडील वायरलेसच्या कोर्सला होते," ते म्हणाले. आवाज अगदी खाली आला होता. "हे खोटं नाही. चांगले पास झाले होते. पहिल्या पाचात होता तो. सेटवर बसायला लायक होता."

"मग?"

"मग काय. महिनाभरासाठी म्हणून माझ्याकडे आला. मी सोडला नाही. वायरलेस शिकवणारे उस्ताद दोनदा विचारायला आले, साहेब, शेडगेला सेटवर पाठवा. मी म्हटलं, बघू. चहा बरा करायचा. सगळं हातात द्यायचा. माझी बदली झाली तशी मी त्याची बदली मागून घेतली. त्यानं स्वतः कधी तोंड उघडलं नाही, म्हणून मीही समजून घेतलं की त्याला बरं चाललंय."

कपावरचा सोनेरी काठ मी बघत बसले. खाली ठेवला तर आवाज होईल, प्यायला तर घशाखाली उतरणार नाही.

"तुम्ही आबांना कधी विचारलं?"

"काय?"

"सेटवर जायचंय का म्हणून."

"नाही," साहेब म्हणाले.

आबा आणि मेमसाब बिस्किटं घेऊन बाहेर आले. या वेळी मेमसाबांनी आबांना ओढूनच खुर्चीवर बसवलं. ते खुर्चीच्या कडेवर टेकले, दोन्ही पंजे गुडघ्यांवर. साहेबांनी घसा खाकरला आणि पुन्हा मघाचे, मिस्कील साहेब झाले. झाले म्हणजे, तसा प्रयत्न केला.

"हे बघ ज्योत्स्ना. मी वर्दीत संशोधनाला गेलो. फायदा काय, तर मी तिथल्या शास्त्रज्ञांना सांगू शकत होतो की बाबांनो, हे बटण दस्तान्यातल्या बोटानं दाबलं जाणार नाही. त्यांनी बर्फ फ्रीजमधलाच बघितलेला. माझा शब्द तिथं चालायचा. पण वर्दीतला माणूस तिथं पाहुणा असतो. तीन वर्षं, फार तर चार. काम हाताला लागतंय तोवर बदली. मी सुरू केलेलं एक यंत्र दुसऱ्यानंच पुरं केलं, तिसऱ्यानं त्याचं बक्षीस घेतलं. तुझ्यात चिकाटी दिसतेय. जमलं नाही म्हणायला तू लाजत नाहीस. तुला एकाच बॅटरीमागं वीस वर्षं लागायला हवं. तू प्रयोगशाळेत जा."

मी ते ऐकायलाच तर आले होते. हे शब्द कुणीतरी आबांच्या समोर म्हणावेत म्हणून गाडीत वाटभर मी मनातल्या मनात घोकत आले होते.

साहेब आबांकडे वळले. "महिपती, पोरीला प्रयोगशाळेत पाठव. फौजेचं डोक्यातून काढ."

"जी, साहेब," आबा म्हणाले.

इतकंच. जागच्या जागी. गेले दोन महिने माझ्या ट्रेनिंगच्या गोष्टी सांगत गावभर फिरलेला माणूस. सलाम कसा ठोकतात ते मला अंगणात शिकवताना आईच्या शिव्या खाल्लेला माणूस. एक प्रश्न नाही, एक 'पण' नाही. मी आबांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पुसून ठेवल्यासारखा चेहरा होता.

मेमसाबांनी मला हळदीकुंकू लावलं. साहेब फाटकापर्यंत आले. आबांनी टाचा जुळवल्या, तेव्हा साहेबांनी हात पुढे केला. शेकहँडसाठी. आबांना ते समजायला एक क्षण लागला. मग त्यांनी तो हात दोन्ही हातांत घेतला.

रिक्षानं आम्ही स्वारगेटला पोचलो. वडूजची गाडी लागायला अवकाश होता. आबांनी बाकावर रुमालानं जागा झटकली, मला बसवलं आणि शेंगदाण्याच्या दोन पुड्या घेऊन आले. एक माझ्या हातात दिली. मी घेतली, पण तोंडातून शब्द फुटेना. कुठलाच शब्द. काहीही बोलले असते तरी ते मघाच्या त्या शब्दासारखंच वाजलं असतं.

"झालं तुझ्या मनासारखं," आबा म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत माझ्या मनात काय होतं?"

"दोन महिनं झालं, फौजेचं नाव काढलं की तू ताटातला भात चिवडत बसतीस. आंधळा हाय का मी?"

समोर कंडक्टर कोरेगाव-कोरेगाव ओरडत होता. एक बाई गाठोड्यासकट चढत होती आणि दारातल्या माणसाला शिव्या घालत होती.

"मेमसाब बोलल्या ते," आबांनी पुडीची घडी घातली, उलगडली. "तू मनावर घेऊ नको."

"मी नीट ऐकलंच नाही."

"ऐकलंस."

"ऐकलं," मी म्हणाले.

आबा समोर बघत होते. "साळंत मला बोलायचंच नव्हतं. हेडमास्तर म्हणाले, शेडगे, थंडीचं कायतरी सांगा, पोरं खूश हुतील. वर चढलो. म्हटलं, चला, सांगू घडलं ते. त्यात लाजायचं काय? साहेबांचे पाय वाचवले, ही काय चोरी हाय? तोंड उघडलं तर तू पुढंच बसलीवतीस. दोन वेण्या घालून. शेजारच्या पोरीला कोपर मारून सांगत हुतीस, ते आमचे आबा." त्यांनी एक दाणा सोलला, फोलपट फुंकलं. "मग बुटाची बॅटरी झाली."

मी त्यांचा हात धरायला हवा होता. धरला नाही. तशी आमच्यात पद्धत नव्हती, आणि पद्धत मोडण्याइतकी हिंमत त्या दिवशी माझ्यात उरली नव्हती. नुसतं बसून राहिले, दोन्ही तळव्यांत पुडी दाबून.

पुढची दोनतीन मिनिटं मी काय विचार केला ते आज सांगता येणार नाही. एवढं आठवतं की प्रयोगशाळेचं 'हो' माझ्या जिभेवर होतं, आणि ते मला गिळता येत नव्हतं की बोलता येत नव्हतं. ते माझ्या मनासारखं होतं. साहेबांच्या शब्दासारखंही होतं. पण आज, या बाकावर, फौजेला नाही म्हटलं तर आबांना त्याचा एकच अर्थ लागला असता, की पोरीला बापाची लाज वाटली. त्यांनी तो अर्थ कुणालाही न सांगता घरी नेला असता आणि मरेपर्यंत जपला असता.

"मी फौजेत जाते, आबा."

"आँ?"

"ट्रेनिंगला जाते. सोमवारी तसं कळवते."

"साहेब तर म्हणाले..."

"तुमचे साहेब आहेत ते. माझे नाहीत."

आबांनी माझ्याकडे वळून बघितलं. सकाळपासून पहिल्यांदाच नीट बघितलं असेल.

"मला बरं वाटावं म्हणून चाललीस?"

"नाही."

"खोटं बोलू नको. खोट्यात मी तुझा बाप हाय."

मला हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग रडू. मी रुमाल शोधायच्या निमित्तानं पर्समध्ये तोंड घातलं. "बॅटरी काय, चार वर्षांनी करीन," मी आतूनच म्हणाले. "तोवर थंडी कुठं पळून जात नाही."

चार नव्हे, सहा वर्षांनी मी वर्दीत त्या प्रयोगशाळेत गेले. तीन वर्षं काम केलं. हाताला लागतंय तोवर बदली आली. ते आवरण आता दुसरं कुणीतरी पुरं करतंय आणि चांगलं करतंय म्हणे. साहेबांचं म्हणणं अक्षरन् अक्षर खरं ठरलं. आबांना ते मी सांगितलेलं नाही.

गाडी लागली. लोक उठले, पिशव्या खिडक्यांतून आत पडू लागल्या. आबा एरवी अशा वेळी रुमाल टाकून जागा धरणारे पहिले असायचे. त्या दिवशी उठले नाहीत. गर्दी दाराशी चेंगरत होती आणि ते बाकावर बसून होते.

"ऑफिसर झालीस की तुला एक माणूस मिळंल," ते म्हणाले.

"मी नको म्हणीन."

"नको म्हणू नको. नको म्हणलीस तर त्याला वाटंल, माझं काय चुकलं. आन् दुसऱ्या वाईट साहेबाकडं जाईल तो. ठेवून घे." ते थांबले. हे सगळं त्यांनी पूर्वी कधीतरी स्वतःशी बोलून ठेवलेलं असावं, इतकं ते ओळीनं आलं. "नुसतं आडनावानं हाक मारू नको. नाव इचार. घरी कोण कोण हाय इचार आन् इचारलंस तर ध्यानात ठेव. त्यानं कुठला कोर्स केलाय ते इचार. त्याला परत जायचं असंल तर तो सांगायचा न्हाय, तूच वळखून धाड."

"हो."

"आन् सणासुदीला त्याची मंडळी येतात भेटायला. बायको येती, पोरं येतात. साहेबाचा बंगला बघाय मिळतो म्हणून पोरं लई खूश असतात. बापाचा हात सोडत न्हाईत."

ते उठले. पिशवी आता रिकामी होती, तरी ती त्यांनी खांद्यावर नीट अडकवली.

"तवा काय बी काम असू दे," आबा म्हणाले, "पोरांच्या समोर त्याला हाक मारू नको."